व्हेटरन्स डेला अमेरिकेत शेअर बाजार चालू, पण रोखे बाजार बंद, असं का?

कारण ११ नोव्हेंबर, म्हणजे माजी सैनिकांचा हा दिवस, ही तिथे सरकारी सुट्टी आहे. फेडरल रिझर्व्ह (‘फेड’, तिथली मध्यवर्ती बँक) आणि इतर बँका बंद असतात. सरकारी रोख्यांचे पैसे फेडच्याच यंत्रणेतून फिरतात, त्यामुळे तो बाजार सुट्टी घेतो. न्यूयॉर्क शेअर बाजाराची सुट्ट्यांची यादी मात्र स्वतःची असते, आणि तीत हा दिवस नाही. व्यवहार होतात, फक्त बँका बंद म्हणून सेटलमेंट (पैसे आणि शेअर प्रत्यक्ष हातबदल होणं, एरवी पुढच्या कामाच्या दिवशी) होत नाही: १० आणि ११ तारखेचे सौदे एकदमच, १२ ला पुरे होतात (मध्ये शनिवार-रविवार नसेल तर). आमच्या पुण्यातल्या बॅक ऑफिसमध्ये नवीन मुलं दरवर्षी इथेच गोंधळतात.

रोख्यांचे भाव हलत नाहीत, त्यामुळे दिवस बहुधा थंडच जातो. पण तारीख साधी नाही. १९१८ मध्ये याच दिवशी सकाळी ११ वाजता पहिल्या महायुद्धाच्या पश्चिम आघाडीवर तोफा थांबल्या. अमेरिकेत याला आधी आर्मिस्टिस डे (युद्धविराम दिन) म्हणत. १९५४ मध्ये नाव बदलून तो सगळ्याच माजी सैनिकांचा केला. न्यूयॉर्कच्या बाजारात ११ वाजता शांतता पाळायची पद्धत आहे. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ.

मेमोरियल डेशी गल्लत करू नका. मे महिन्यातला शेवटचा सोमवार, तो लढाईत गेलेल्यांचा, आणि त्या दिवशी दोन्ही बाजार बंद. जिवंत सैनिकांच्या दिवशी अर्धीच सुट्टी, हे मला जरा खटकतं खरं.