ऑनर्स, मानद आणि सन्मान

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिका विचारतात: 'चौथ्या वर्षाच्या ऑनर्स अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं आहे. समितीत एक जण "मानद पदवी" म्हणतात, दुसरे "सन्मान पदवी", तिसरे "विशेष प्रावीण्य पदवी". बरोबर काय? आणि "ऑनर्स कोर्स" म्हणजे अख्खी पदवी की पदवीतला एखादा विषय?'

'ऑनर्स' हाच शब्द ठेवा. आणि 'मानद' हा शब्द त्या पत्रकात कुठेही येऊ देऊ नका.

'मानद' मराठीत कधीच दुसऱ्या कामाला लागला आहे. मानद सचिव म्हणजे पगार न घेता काम पाहणारा. मानद डॉक्टरेट म्हणजे परीक्षा न देता, कर्तृत्वाचा गौरव म्हणून मिळालेली. चौथं वर्ष राबून संशोधन प्रकल्प पुरा केलेल्या मुलीच्या पदवीला मानद म्हटलं, तर ती न शिकता मिळाली असा अर्थ होतो. नोकरीच्या अर्जात किंवा बाहेरच्या विद्यापीठात तिला हे समजावत बसावं लागेल. इंग्रजीत 'ऑनर्स' आणि 'ऑनररी' एकाच मुळाचे असले, तरी शिक्षणात त्यांचे अर्थ जवळजवळ उलटे आहेत, आणि भाषांतर करताना नेमकी इथेच गल्लत होते.

'सन्मान पदवी' ऐकायला बरी वाटते, पण विद्यापीठं थोरामोठ्यांना जी डी.लिट. देतात तिला आपण 'सन्माननीय डी.लिट.' म्हणतोच. शिवाय क्रियापद लावून पाहा. सन्मान होतो, केला जातो, स्वीकारला जातो. तो बाहेरून येतो. ऑनर्स मात्र विद्यार्थी घेतो आणि करतो. 'मी सन्मान करतेय' असं कुठली विद्यार्थिनी आपल्या अभ्यासाबद्दल म्हणेल? ज्या शब्दाला हे क्रियापद पेलत नाही, तो वर्गात टिकणार नाही.

'विशेष प्रावीण्य' तर दहावीपासून पंचाहत्तर टक्क्यांना चिकटलेलं आहे. योगायोग असा की नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या पदवीतही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांनाच चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली आहे. दोन्हीकडे तोच आकडा असल्यामुळे हा शब्द वापरला तर गोंधळ ठरलेलाच.

शेजारच्या भाषांकडे पाहिलं तर बिहारमध्ये 'हिंदी प्रतिष्ठा', 'इतिहास प्रतिष्ठा' सर्रास चालतं, बंगालीत 'साम्मानिक' आहे. तिथे हे शब्द चालतात, कारण ऑनर्स तिथे घरोघरी माहीत आहे. बापाने केला, मुलगा करतो, मग शब्दाला खुलासा लागत नाही. आपल्याकडे तसं नव्हतं. पुण्याच्या बी.ए.ला आपण 'स्पेशल' म्हणत आलो: दुसऱ्या वर्षी एस वन, एस टू, तिसऱ्या वर्षी एस थ्री, एस फोर, आणि जोडीला जी टू, जी थ्रीचे जनरल पेपर. 'तुझं स्पेशल काय?' हा प्रश्न कित्येक पिढ्यांनी एकमेकांना विचारला आहे. एका विषयात खोल जाण्याची आपली सवय 'स्पेशल'मध्ये आहे, पण त्या 'स्पेशल'ने पदवीला वेगळा दर्जा दिला नाही. म्हणून तोही इथे लावता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. शब्द आपला झालेला होता.

परका शब्द तसाच ठेवण्याबद्दल मन खात असेल, तर याच परंपरेतलं एक उदाहरण आपल्या घरातच आहे. ऑक्सफर्डने १८०० साली परीक्षांचे नवे नियम केले. त्यांत साध्या पदवीची परीक्षा वेगळी आणि हुशार, हौशी विद्यार्थ्यांची अवघड परीक्षा वेगळी झाली. ऑनर्सची कल्पना ही. केंब्रिजमध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला 'रँग्लर' म्हणत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली तिथे सीनियर रँग्लर झाले आणि महाराष्ट्राने त्या शब्दाचं भाषांतर केलं नाही, तो थेट आडनावाआधी लावला. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. आजही पुण्यात हा शब्द कुणाला परका वाटत नाही. कष्टाने मिळवलेल्या गोष्टीचं नाव लोक जसंच्या तसं उचलतात.

आता दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर देश पाहून द्यावं लागतं. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स म्हणजे चार वर्षांची अख्खी पदवी. ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची पदवी झाल्यावर वेगळं वर्ष, त्यात प्रबंध. दिल्ली विद्यापीठात आपल्या कित्येक मुलांनी केलेला बी.ए. ऑनर्स तीन वर्षांचाच होता. अमेरिकेत मात्र 'ऑनर्स कोर्स' हा बहुधा एखादा निवडक वर्ग असतो: थोडे विद्यार्थी, भरपूर वाचन, पाठ देण्याऐवजी चर्चा. तिथल्याच स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष फ्रँक आयडेलॉट यांनी १९२२ साली जी पद्धत सुरू केली, ती मला सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. शेवटच्या दोन वर्षांत विद्यार्थी छोट्या सेमिनारांत बसायचे आणि परीक्षा घ्यायला दुसऱ्या संस्थांतले अध्यापक यायचे. आपल्या प्रात्यक्षिकाला एक्स्टर्नल येतात तसे, पण सगळ्या अभ्यासासाठी, लेखी आणि तोंडी. शिकवणाऱ्याच्या हातात गुण नसल्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाजूला बसून तयारी करतात. तुमच्या समितीला रचनेत काही सुचवायचं असेल तर हे जरूर सुचवा. माहितीपत्रक कितीही चांगलं लिहिलं तरी ऑनर्सला वजन येतं ते अशा रचनेतून.

आपल्याकडे सध्या एका आवारात दोन ऑनर्स नांदतात, हे पत्रकात आधी स्पष्ट करा. एक चौथ्या वर्षाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० श्रेयांक (क्रेडिट) आहेत. महाराष्ट्रात हे आकडे १३२ आणि १७६ पर्यंत जातात. दुसरा अभियांत्रिकीतला. तिथे पदवी मुळातच चार वर्षांची, म्हणून वर्ष वाढत नाही; साधारण १८ ते २० श्रेयांक जास्तीचे करून त्याच पदवीवर ऑनर्सची नोंद होते. तुमच्या संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय शेजारी असेल, तर पालक दोन्ही पत्रकं घेऊन घरी जातील.

चौथ्या वर्षातही दोन वाटा आहेत आणि त्यांची नावं मराठीत अशी लिहावीत असं मला वाटतं: 'ऑनर्स' आणि 'संशोधनासह ऑनर्स'. 'ऑनर्स विथ रिसर्च' तसंच ठेवण्याची गरज नाही, 'सह' हे काम नीट करतं. दुसऱ्या वाटेत १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. पहिल्या वाटेतले विद्यार्थी तेवढ्याच श्रेयांकांचे तीन प्रगत पेपर घेतात. इथे 'प्रबंध' लिहू नका. प्रबंध म्हटलं की मराठी वाचकाला पीएच.डी. दिसते. 'संशोधन प्रकल्प' पुरेसा आहे.

सेमिनारला 'चर्चासत्र' करण्याचा मोह होईल. तो टाळा. आपल्या महाविद्यालयांत चर्चासत्र म्हणजे बॅनर, उद्घाटन, बीजभाषण आणि प्रमाणपत्र असा एक-दोन दिवसांचा कार्यक्रम. दर आठवड्याला आठ-दहा जणांनी बसून एकच पुस्तक वाचायचं असेल, तर 'वाचन-चर्चा वर्ग' म्हणा किंवा सरळ 'सेमिनार'.

एक नमुना देते, गरजेप्रमाणे बदलून घ्या: 'तीन वर्षांची पदवी घेऊन विद्यार्थी बाहेर पडू शकतो. चौथं वर्ष त्याच प्रमुख विषयात पूर्ण करणाऱ्यास बी.ए. ऑनर्स ही पदवी मिळते आणि त्यापुढे एम.ए. एका वर्षात करता येतं.' शेवटचं अर्धं वाक्य गाळू नका. घरी हिशेब होतो तो एकूण वर्षांचा.

व्याकरणाचं थोडं. इंग्रजीत हा शब्द अनेकवचनी असला तरी मराठीत एकवचनीच चालतो, आणि बहुतेकदा पुल्लिंगी: ऑनर्स घेतला, ऑनर्स पुरा झाला, ऑनर्सला प्रवेश, ऑनर्सचे विद्यार्थी. 'ऑनर्स मिळाले' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला ते गुण किंवा बक्षिसं वाटतील. पुढे 'पदवी' आली की क्रियापद तिच्या मागून जातं, म्हणजे 'ऑनर्स पदवी मिळाली'. आणि 'बी.ए.' व 'ऑनर्स' यांच्यामध्ये कंसाची गरज नाही. पदवी प्रमाणपत्रावर कंस असेल तिथे तो तसाच ठेवा.