कॉलर्डचं पाणी ओतून देऊ नका!

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या साउथच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांतल्या, कॉलर्ड ग्रीन्सबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे तिकडची ती मोठ्या जाड पानांची पालेभाजी जी तास-तास शिजवतात, आणि त्यावर इतके प्रश्न आले की आजचा आख्खा कॉलम त्यालाच देतेय. मी नॉर्थ कॅरोलायनात बरीच वर्षं राहतेय आणि ही भाजी शेजारच्या आफ्रिकन अमेरिकन आजींच्या ओट्याजवळ उभं राहून शिकलेय, त्यामुळे जे सांगतेय ते त्यांच्या पातेल्यातलं आहे असं समजा.

प्रश्न: ताई, मी कॉलर्डची जुडी आणली, मेथीसारखी चिरली, झाकण ठेवून दहा मिनिटं उकडली, पाणी ओतून दिलं आणि लसणाची फोडणी घातली. पानं चामड्यासारखी चिवट, वर कडू, आणि घरभर उग्र वास. नवरा म्हणाला परत आणू नकोस. कुठे चुकलं? (शार्लटहून एक वाचक)

उत्तर: अगं, तू मेथीची भाजी केलीस, आणि कॉलर्ड मेथी नाहीये ना. हा कोबीचा सख्खा भाऊ, कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि कॉलर्ड ही सगळी एकाच जातीची झाडं, फक्त याचा गड्डा होत नाही, पानंच वाढतात. त्यामुळे कोबीसारखाच गंधकाचा वास येणार आणि पान जाड म्हणून वेळ लागणार. पण खरी चूक वेगळीच आहे, तू पाणी ओतून दिलंस! त्या पाण्याला तिथे पॉट लिकर म्हणतात आणि साउथमधल्या कुठल्याही आजीला विचार, भाजीपेक्षा त्याचंच कौतुक जास्त. पुरणाच्या डाळीचं पाणी आपण कधी ओततो का? त्याची कटाची आमटी करतो. अगदी तसंच.

म्हणून सुरुवात पानांपासून करायचीच नाही, रश्शापासून करायची. मोठं पातेलं घे, त्यात स्मोक केलेला हॅम हॉक, म्हणजे डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा हाडाचा तुकडा, नाहीतर स्मोक केलेले टर्कीचे पंख, एक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, थोडी चिली फ्लेक्स आणि सात-आठ कप पाणी. हे तासभर नुसतं मंद आचेवर रटरटू दे, हॅम हॉक मोठा असेल तर दीड तास. पाण्याला रंग आला, वर तेलाचे डोळे दिसायला लागले आणि मांस हाडापासून सुटायला लागलं की मग पानं. दोन पाउंड पानं, म्हणजे साधारण 900 ग्रॅम, एकदम मावणार नाहीत, मूठ मूठ टाकायची, खाली बसली की पुढची. मग परत पाऊण ते एक तास, झाकण अर्धवट उघडं ठेवून. खवळून उकळायचं नाही. शेवटी हाडावरचं मांस काढून बारीक करून परत पातेल्यात.

मीठ अगदी शेवटी, कारण स्मोक केलेल्या मांसात आधीच भरपूर असतं आणि रस्सा आटला की आणखी खारट लागतं. व्हिनेगरही शेवटीच, एक-दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर, आधी घातलंस तर आंबटामुळे पान मऊ व्हायला अजून वेळ लागेल आणि रंगही लवकर शेवाळी होईल. रंग तसाही इतका वेळ शिजवल्यावर शेवाळीच होतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तोच खरा रंग आहे. खूप जण पान लवकर मऊ व्हावं म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालतात, मला ते पटत नाही, पान बुळबुळीत होतं आणि बी1 आणि सी जीवनसत्त्वं सोड्यात टिकत नाहीत, मग पालेभाजी खायची कशाला. कडूपणा वाटला तर चिमूटभर साखर चालते, बऱ्याच घरांत घालतात.

आणि थंडीत आण. थंडीचा कडाका पडला, एखाद्या रात्री फ्रॉस्ट झाला की हे झाड स्वतः गोठू नये म्हणून पानात साखर वाढवतं, त्यामुळे डिसेंबरातला कॉलर्ड जुलैतल्यापेक्षा गोड लागतो. पुढच्या महिन्यात कर, नवऱ्याला आधी सांगू नकोस, वाटीत वाढ.

प्रश्न: दोनदा धुतली तरी खाताना वाळू कचकचते, काय करू? (ॲटलांटाहून)

उत्तर: आजींनी मला पहिली गोष्ट हीच शिकवली. सिंक स्वच्छ घासून थंड पाण्याने भरायचं, पानं त्यात हाताने घुसळायची आणि दोन मिनिटं सोडून द्यायची. मग सिंकचं बूच काढायचं नाही! पाणी आधी सोडलं की खाली बसलेली वाळू परत पानांवर बसते, तुमचं बहुतेक हेच होत असणार. पानं दोन्ही हातांनी वर उचलून परातीत काढायची, मग पाणी सोडायचं आणि सिंकच्या तळावरून बोटं फिरवायची. बोटाला एक कण जरी लागला तरी परत पाणी भरायचं. त्या दिवशी आम्ही चार वेळा भरलं होतं. चौथ्या वेळी त्यांनी माझा हात धरून तळाशी टेकवला आणि म्हणाल्या, आता तू सांग. गुळगुळीत लागलं तेव्हाच विळी, म्हणजे त्यांची सुरी, हातात आली.

चिरताना मधली जाड शीर काढायची, पान दुमडून शीर ओढली की येते. मग सात-आठ पानं एकावर एक ठेवून अळूवडीसारखी गुंडाळी करायची आणि बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या. फार बारीक नको, तासाभरात लगदा होतो.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत, मांसाशिवाय ही चव येऊच शकत नाही का? (डॅलसहून)

उत्तर: तीच चव येणार नाही, खोटं कशाला सांगू. पण चांगला रस्सा नक्की होतो, आणि इथेही नियम तोच, आधी रस्सा मग पान. शेंगदाण्याच्या तेलात दोन कांदे चांगले तांबूस होईपर्यंत परता, घाई नको, पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यात लसूण, एक मोठा चमचा स्मोक्ड पाप्रिका, पाच-सहा सुके शिताके मशरूम आणि चमचाभर सोया सॉस, वर पाणी, अर्धा तास उकळा. धुराची चव पाप्रिकातून येते आणि मांसाचा जो एक भरीवपणा असतो तो मशरूम आणि सोयातून. मग पानं.

आणि एक मनापासून सांगते, शेवटी तीन-चार चमचे दाण्याचा कूट घालून बघा. हे मी आपलं काहीतरी घुसडतेय असं नाही हं. पश्चिम आफ्रिकेत पालेभाजीत शेंगदाणा वाटून घालायची जुनी पद्धत आहे, आणि साउथचा हा सगळा स्वयंपाक ज्यांच्या हातांनी घडला ते गुलाम करून आणलेले लोक बरेचसे तिथलेच. कॉलर्डचं बी युरोपातून आलं, पण पाला भरपूर पाण्यात मुरवत शिजवायचा आणि ते पाणी जपून खायचं हा हात आफ्रिकेतला. अळूच्या फदफद्यात दाणे खाल्लेल्या माणसाला ही चव लगेच कळते.

प्रश्न: पॉट लिकर नुसतं प्यायचं की कशाबरोबर खायचं? (ठाण्याहून, मुलगी अमेरिकेत असते)

उत्तर: कपात घालून गरम गरम पितात, नाहीतर मक्याच्या पिठाच्या कॉर्नब्रेडबरोबर. आता कॉर्नब्रेड बुडवून खायचा की चुरून, यावर 1931 मध्ये खरंच मोठा वाद झाला होता, लुइझियाना राज्याचे गव्हर्नर ह्यूई लाँग म्हणत बुडवायचा, आणि ॲटलांटा कॉन्स्टिट्यूशन या पेपरचे एक संपादक जुलियन हॅरिस म्हणत चुरायचा, कित्येक दिवस पेपरात तेच. मी चुरणाऱ्यांतली. आपण भाकरी आमटीत कुस्करतो तसं, रस्सा आत शिरायला हवा.

पण हे चुरणं कुठून आलं तेही माहीत असावं. गुलामगिरीतून सुटलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी 1930च्या दशकात सरकारी योजनेतून लिहून घेतल्या गेल्या, त्यात बरेच जण सांगतात की लहानपणी मळ्यावर मुलांना लाकडी कुंडात पॉट लिकर ओतून त्यात कॉर्नब्रेड चुरून द्यायचे, जनावरांना देतात तसं, आणि मुलं हाताने नाहीतर शिंपल्याने खायची. ज्यात भाजीचं आणि हाडाचं सगळं सत्त्व उतरलेलं असायचं त्या पाण्यावर ती मुलं वाढली. आजींच्या घरी पातेलं रिकामं झालं तरी तळाचा रस्सा बरणीत भरून ठेवतात, आणि हे वाचल्यापासून मलाही ओतवत नाही. फ्रीजरमध्ये छान टिकतो, भातावर घ्या, चवळीच्या उसळीत घाला.

प्रश्न: ऑफिसातल्या मैत्रिणीने न्यू इयरला बोलावलंय, म्हणाली ग्रीन्स आणि चवळी खायलाच हवी. काय भानगड आहे? (रॅलीहून)

उत्तर: भानगड नाही, शकुन आहे. 1 जानेवारीला हिरवा पाला म्हणजे नोटा आणि चवळी म्हणजे नाणी, वर्षभर पैसा टिकावा म्हणून. चवळी-भाताला हॉपिन जॉन म्हणतात. जरूर जा आणि दुसऱ्यांदा मागून घे, यजमानीण खूश होईल. टेबलावर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या छोट्या मिरच्यांची बाटली दिसेल, त्यातल्या मिरच्या खायच्या नसतात, वरचं व्हिनेगर भाजीवर शिंपडायचं. घरी करायला सोपी, बाटलीत मिरच्या भरून वर गरम व्हिनेगर ओतायचं आणि दोन आठवडे ठेवायचं. संपत आलं की परत व्हिनेगर ओतायचं.

प्रश्न: बाबा इकडे आलेत, त्यांना रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू आहे. कॉलर्ड दिलं तर चालेल?

उत्तर: आधी डॉक्टरांना विचारा, मग पातेलं चढवा. अर्धा कप शिजलेल्या कॉलर्डमध्येसुद्धा व्हिटॅमिन के रोजच्या गरजेच्या कित्येक पट असतं आणि ते या गोळीच्या उलटं काम करतं. एरवी खात नाहीत आणि एकदम वाटीभर खाल्लं तर गोळीचा हिशेब बिघडतो. रस्सासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न: पुण्यात कॉलर्ड कुठून आणू? त्याऐवजी काय चालेल?

उत्तर: नवलकोलाचा पाला घ्या, भाजीवाले बऱ्याचदा कापून टाकूनच देतात, त्यांना आधी सांगून ठेवा. त्यात थोडी सरसोंची पानं मिसळा, म्हणजे मोहरीचा पाला, साउथमध्येही मस्टर्ड ग्रीन्स आणि सलगमचा पाला कॉलर्डमध्ये मिसळतातच. न्यू ऑर्लिन्सच्या नावाजलेल्या शेफ लिआ चेस, 2019 साली गेल्या, त्या ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी नऊ पालेभाज्यांचा गंबो, म्हणजे तिकडचा दाट रस्सा, करायच्या, आणि तिथे म्हणतात की जितके पाले घालाल तितके नवे मित्र मिळतात. त्यामुळे मिसळायला घाबरू नका, फक्त कोवळा पाला शेवटी घाला, तो दहा-पंधरा मिनिटांत शिजतो. नवलकोलाच्या पाल्याला मात्र अर्धा-पाऊण तास द्या.

आणि अमेरिकेतल्या वाचकांसाठी याचं उलटंही सांगते. अळू मिळत नसेल तर कॉलर्डच्या पानाची अळूवडी उत्तम होते, इथे कितीतरी मराठी घरांत करतात, मी गणपतीला हीच करते. पान खाजरं नसतं, पण चिंच तरीही घाला, चवीसाठी. मागची शीर सुरीने तासून पानाइतकी पातळ करा आणि पान अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढा म्हणजे गुंडाळताना फाटत नाही. अळूपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त वाफवा.