बाळाच्या तळहातावर एकच आडवी रेघ : घाबरू नका, पण दाखवा

ताई, दोन महिन्यांच्या बाळाच्या हातावर एकच आडवी रेघ, कान जरा खाली, आणि वाचत वाचत तुम्ही डाउन सिंड्रोमपर्यंत, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असल्याने होणाऱ्या जन्मजात स्थितीपर्यंत पोचलात. झोप उडाली असणार, कळतंय मला.

आधी रेघेचं. निरोगी माणसांतही शंभरात साधारण चौघांच्या एका हातावर अशी रेघ असते. उलट डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या जणांच्या हातावर ती नसतेच. नुसत्या रेघेवरून काहीच ठरत नाही. कानांचं म्हणाल, तर बाळाची मान मागे कलली की कुणाचेही कान खाली दिसतात. डोकं सरळ धरून बघा. कान वरून जिथे डोक्याला जुळतो, ती जागा डोळ्यांच्या कोपऱ्यांच्या रेषेखाली असेल तरच कान खाली म्हणायचे.

पण सासूबाई म्हणतात ना, "बाबाचाही हात तस्साच आहे, सोडून दे", तिथे मात्र थांबा. माझ्या मुलाला जन्मतःच कपाळावर पांढऱ्या केसांची बट होती. सासऱ्यांना होती, नवऱ्याला आहे. घराण्याची खूण म्हणून आम्ही कौतुकच केलं. दीड वर्षाचा झाला तेव्हा त्याच्या पाठीमागे ताट पडलं आणि तो खेळतच राहिला. त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं.

निदान झालं वार्डनबर्ग सिंड्रोमचं. वार्डनबर्ग या डच नेत्रतज्ज्ञांनी १९५१ मध्ये त्याचं वर्णन केलं. केसांना रंग देणाऱ्या पेशी गर्भात आतल्या कानापर्यंतही जातात. तिथे त्या पोचल्या नाहीत तर कान काम करत नाही. जनुकातला बदल तोच, पण घरात एकाला नुसती बट, दुसऱ्याला बहिरेपण. दीड वर्ष वाया गेलं याची हळहळ अजून आहे.

म्हणून बालरोगतज्ज्ञांना बाळ नीट तपासायला सांगा. अशा तीन किंवा जास्त खुणा एकत्र दिसल्या, तर ते हृदय, मूत्रपिंडंही बघतात आणि गरज वाटली तर गुणसूत्रांची तपासणी सांगतात. बाळ हातात अगदी लुळं लागतं का, दूध ओढताना थकतं का, हे आपणहून सांगा. तुमचे दोघांचे तान्हेपणीचे फोटो असतील तर घेऊन जा, आम्हाला डॉक्टरांनी तेच पहिल्यांदा मागितले होते. आणि ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर ती याच आठवड्यात करून घ्या.