तुर्की ब्लंडरबस घेताय? आधी एवढं बघा

जुन्या बंदुका जमवायचा छंद झकास निवडलात! ब्लंडरबस म्हणजे तोंडाशी रुंद होत जाणारी आखूड बंदूक. सुरुवातीला एकाच भागाचा माल ओळखायला शिका. तुर्की-बाल्कन नमुने बरे. अफगाणी, कॉकेशियन वगैरे नंतर.

कुठलीही ठासणीची बंदूक हातात आली की ती भरलेली आहे असंच समजा. तोंडातून बारीक लाकडी काठी तळाला टेकेपर्यंत घाला, तोंडापाशी खूण करा, मग खूण तोंडाशीच ठेवून तीच काठी नळीला बाहेरून लावा. टोक बत्तीच्या छिद्राच्या (नळीच्या मागच्या टोकाशी, जिथून आतली दारू पेटते) बरंच अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी अडकलंय. उपसाउपशी न करता जाणकाराला बोलवा.

मग चापाकडची पट्टी, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी यंत्रणा जिच्यावर बसवलेली असते ती. या यंत्रणेच्या मिकेलेट प्रकारात मोठी स्प्रिंग बाहेर दिसते, नेहमीच्या फ्लिंटलॉकमध्ये ती आत असते.

नवखे हमखास फसतात ते इथे:
- पट्टीवर 'लंडन' वाचून बंदूक इंग्रजी ठरवणं. युरोपी नावांची नक्कल तुर्की-बाल्कन भागात सर्रास व्हायची.
- चांदीच्या नक्षीला भुलणं. प्रवाशांना विकायला नुसत्या शोभेच्याही बंदुका बनल्या. बत्तीचं छिद्रच नसेल तर पैसे खिशातच ठेवा.
- पॉलिश पेपरने घासून चकचकीत करणं. किंमत तिथेच बुडते, कृपा करून नको!

भारतात असाल तर घेण्याआधी पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते, खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.