पित्ताची गोळी सहा वर्षं चालू आहे, आता ऑपरेशन करून टाकावं का?

जठरातलं आम्ल घशाकडे वर येऊ नये म्हणून सर्जन ऑपरेशन करा म्हणतात, घरचे नको म्हणतात आणि रोजच्या गोळीने किडनी जाईल अशी तुम्हाला धास्ती, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. 9 वर्षं पँटोप्राझोल ही पित्ताची गोळी खाऊन मग ऑपरेशन करून घेतलेला पेशंट आहे.

आधी हे सांगा, गोळीने तुमचं नेमकं काय थांबत नाही? माझी जळजळ थांबली होती. वर येणं थांबलं नव्हतं. बुटाची नाडी बांधायला वाकलो की दुपारचं वरण घशाशी. रात्री दोनला ठसका लागून उठायचो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून झाल्या, रात्रीचं जेवण साडेसातला आणून झालं. गोळी आम्ल कमी करते, अन्ननलिका आणि जठर यांमधली सैल झालेली झडप आवळत नाही. त्यात दुर्बिणीच्या तपासणीत हायटस हर्निया निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला. अशा माणसाला ऑपरेशनचा उपयोग होतो.

गोळीचा काडीइतकाही फरक पडत नसेल, तर मात्र थांबा. माझ्या वहिनींना तसंच होतं. नाकातून नळी घालून 24 तासांची आम्लाची तपासणी केली. गालावर चिकटपट्टी, कमरेला यंत्र, त्रास झाला की बटण दाबायचं. वहिनींनी दिवसभरात पंधरा वेळा बटण दाबलं आणि आम्ल एकदाही वर आलेलं नव्हतं! 2019 साली अमेरिकेत गोळीला दाद न देणाऱ्या 366 जणांवर अभ्यास झाला. त्यातले 42 जण गोळी जेवणाआधी नीट वेळेवर घ्यायला लावल्यावरच बरे झाले, 99 जणांचा त्रास अन्ननलिकेतल्या आम्लाचा नव्हताच. गाळून गाळून 78 उरले. त्यांच्यात मात्र ऑपरेशनने 67 टक्के लोकांना गुण आला, नेटाने दिलेल्या औषधांनी 28 टक्क्यांना.

किडनीचं म्हणाल, तर पँटोप्राझोल आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी अशी तुलना साडेसतरा हजार लोकांवर सुमारे तीन वर्षं झाली आहे. पोटाचे संसर्ग थोडे जास्त दिसले, बाकी घाबरण्यासारखं काही नाही. बी-12 तेवढं तपासत राहा. भीतीपोटी ऑपरेशन करू नका.

आता ऑपरेशननंतरचं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. दोन आठवडे पेज आणि सूप. महिन्याने हौसेने भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, तो छातीत अडकला आणि अर्धा तास मोरीपाशी उभा होतो. ढेकर अजून नीट येत नाही, त्यामुळे सोडा बंद, आणि सगळा वारा खालून. (बायकोचं मत वेगळं विचारा.) पण विटा काढल्या, आडवा झोपतो. गोळी कायमची सुटेलच असं मात्र धरू नका. स्वीडनमध्ये अशा 2,655 जणांपैकी 17.7 टक्क्यांना त्रास परत सुरू झाला, आणि त्यातले बहुतेक पुन्हा गोळीवर गेले.

सर्जनना भेटाल तेव्हा मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेचा जोर मोजणारी तपासणी, झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. अन्ननलिकेचा जोर कमी असेल तर पूर्ण वेढ्यात घास अडकतो, तिथे पाऊण वेढा घेतात. तुमचा कोणता घेणार आणि वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, हेही सरळ विचारा. माझे सर्जन तरी या प्रश्नावर चिडले नाहीत.