वाचकांचे प्रश्न : विला कॅदर वाचताना

प्रश्न : अमेरिकेच्या माळरानाची लेखिका म्हणून विला कॅदरचं नाव ऐकलं आणि तिची पहिली कादंबरी ‘अलेक्झांडर्स ब्रिज’ आणली. त्यात माळ कुठेच नाही. असं कसं?

उत्तर : पूल बांधणारा एक इंजिनिअर बोस्टन आणि लंडनमध्ये येरझारा घालतो, एवढाच त्या 1912 च्या कादंबरीचा पसारा. माळ तिच्या लेखनात उशिरा आला. 1883 मध्ये, नऊ वर्षांची असताना, ती घरच्यांबरोबर व्हर्जिनियातून नेब्रास्का या माळरानाच्या राज्यात आली. दीडेक वर्ष शेतावर काढलं, मग रेड क्लाउड या रेल्वेच्या गावात मुक्काम. 1895 मध्ये तिथल्याच लिंकन शहरातल्या विद्यापीठाची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी नेब्रास्का सोडलं. पिट्सबर्गमध्ये वृत्तपत्र, मग शाळेत लॅटिन नि इंग्रजी शिकवणं, 1906 पासून न्यूयॉर्कच्या ‘मॅक्लुर्स’ मासिकात संपादन. डिसेंबर 1908 मध्ये सारा ऑर्न ज्युएट या ज्येष्ठ लेखिकेने तिला पत्रातून बजावलं, की या नोकरीपायी तुझं लेखन मागे पडतंय. तरी नोकरी सुटायला तीनेक वर्षं गेली. 1913 मध्ये ‘ओ पायोनियर्स!’ आली, नेब्रास्काची. ती तिने ज्युएटच्या स्मृतीला अर्पण केली आहे.

तुम्ही आता ‘माय अँटोनिया’ (1918) घ्या, मग ‘ओ पायोनियर्स!’, मग ‘अ लॉस्ट लेडी’ (1923). ही तिसरी दोन-तीन बैठकांत संपते. पुलित्झर मिळालं म्हणून ‘वन ऑफ अवर्स’ (1922) आधी उचलू नका. तिचा नेब्रास्कातला पूर्वार्ध भक्कम आहे. उत्तरार्धात नायक पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जातो आणि तिथे लेखिकेची पकड सुटते.

प्रश्न : जन्मसाल कुठे 1873, कुठे 1876. खरं कोणतं?

उत्तर : 1873, 7 डिसेंबर. वडिलांच्या जानेवारी 1874 मधल्या पत्रात बाळाचा उल्लेख आहे, म्हणजे वादच नको. वय कमी करून सांगायची खोड खुद्द कॅदरची, आणि न्यू हॅम्पशरमधल्या जॅफ्री गावी तिच्या थडग्यावरही 1876 च कोरलं आहे. मृत्यूची तारीख मात्र बिनवादाची : 24 एप्रिल 1947.

प्रश्न : ‘माय अँटोनिया’चा मराठी अनुवाद करायला घेतला आहे. परवानगी लागेल का? आणि ‘सॉड’, ‘सेक्शन’ अशा शब्दांचं काय करू?

उत्तर : लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं, हा आपल्याकडचा नियम. त्यामुळे तिच्या हयातीत छापलेल्या कादंबऱ्या भारतात 2008 पासून खुल्या आहेत. पत्रांना हे लागू नाही. ती छापू नयेत असं तिने मृत्युपत्रात बजावलं होतं. निवडक पत्रांचा संग्रह 2013 मध्येच निघाला, त्यामुळे त्यांची मुदत अजून चालू आहे. नव्या आवृत्त्यांतल्या टीपा आणि प्रस्तावनाही उचलू नका. आणखी एक : कादंबरीच्या सुरुवातीचं निवेदन 1918 चं वेगळं आणि 1926 मध्ये तिने कापून आखूड केलेलं वेगळं. कोणतं घेतलं ते नोंदवा.

आता शब्द. नाव ‘अँटोनिया’, कॅदरनेच तळटीप देऊन पहिल्या अक्षरावर आघात सांगितला आहे. ‘कॉर्न’ म्हणजे मका, धान्य नव्हे. ‘बोहेमियन’ म्हणजे बोहेमियातून आलेले चेक लोक; ‘मनमौजी’ लिहिलंत की पानच्या पान बिघडलं. ‘हायर्ड गर्ल्स’ना नुसतं ‘मोलकरणी’ म्हणून भागत नाही : या मुली गावात घरकाम करतात आणि त्यांच्या पगारावर बापाच्या शेताचा नांगर, कापणीयंत्र येतं.

‘सॉड’ म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेली माती. नांगराने फूटभर रुंद, चारेक इंच जाड पट्ट्या काढायच्या, त्यांचे दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचून घर उभारायचं. भिंत दोन-तीन फूट जाड, म्हणून थंडीत ऊब. बोंब छपराची : पाऊस थांबला तरी आत चिखल ठिबकत राही, म्हणून छताखाली कापड ताणत. ‘डगआउट’ ते हे नव्हे. ते उतारात कोरलेलं भुयारासारखं घर, अँटोनियाचं कुटुंब प्रथम राहतं तसं. दोन्हींना ‘मातीचं घर’ म्हटलंत तर गरिबीची पायरी पुसली जाईल.

‘सेक्शन’चा ‘विभाग’ मुळीच करू नका. सरकारी मोजणीतला एक मैल लांब, एक मैल रुंद असा तो चौकोन, 640 एकरांचा. 1862 च्या कायद्याने वसाहतकऱ्याला मिळे तो त्याचा चौथा हिस्सा, 160 एकर. रस्ते या चौकोनांच्या हद्दीवरून आखले जात. अँटोनियाच्या बापाने आत्महत्या केल्यावर त्याला त्यांच्याच जमिनीच्या कोपऱ्यात, जिथे पुढे दोन रस्ते एकमेकांना छेदणार तिथे, पुरतात. पुढे रस्ते होतात, पण थडग्यापाशी येऊन दोन्ही जरासे बाजूला वळतात आणि मधे न कापलेल्या तांबूस गवताचं बेट उरतं. हद्दीची रेघ वाचकाला आधी दिसली नसेल, तर रस्ते का वळले ते त्याला कळणार नाही.