अण्णांच्या रेकॉर्ड, दीड लाखाचं दरपत्रक आणि सुईचं टोक

साताऱ्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वडील, म्हणजे अण्णा, गेल्या वर्षी गेले. मागे १८० एलपी आणि ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, साठेक जुन्या तबकड्या ठेवून गेले. अण्णांचा जुना रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर बंद पडून आहे. पुण्यातल्या एका दुकानाने नव्या टर्नटेबलचं १ लाख ४५ हजारांचं दरपत्रक दिलं आहे. त्यासाठी २ लाखांची एफडी मोडावी की कार्डावर दोन वर्षांचे हप्ते करावेत, हा त्यांचा प्रश्न. मिस्टरांचं म्हणणं, सगळं यूट्यूबवर आहे, रेकॉर्ड विकून टाकू. आणि भाऊ म्हणतो, सात हजारांचा सूटकेसवाला प्लेअर घे, गाणं तेच वाजणार.

ताई, तुम्ही घरखर्चाचे आकडे आणि दरपत्रकाचा फोटो दोन्ही पाठवलेत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. रेकॉर्ड ऐकण्याची सोय तुम्ही जरूर करावी, असं माझं मत आहे. पण हे दरपत्रक नको, हप्ते नकोत आणि एफडीला हात लावायचा नाही.

आधी एफडीचं बोलू. घरखर्च महिना ४६ हजार. बचत खात्यात ६० हजार आणि एफडी २ लाख, मिळून २ लाख ६० हजार. सहा महिन्यांच्या खर्चाला २ लाख ७६ हजार लागतात. म्हणजे तुम्ही जिला शिल्लक समजता, ती तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे आणि तीही थोडी कमीच भरते. मिस्टरांचं गॅरेज आहे, पावसाळ्यात कामं कमी होतात हे तुम्हीच लिहिलंय. १ लाख ४५ हजार काढले तर उरतात १ लाख १५ हजार, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांचा खर्च. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात कपात करेल ती वेगळीच.

आता हप्ते. कार्डावर १६ टक्क्यांनी २४ महिने म्हणजे हप्ता साधारण ७,१०० रुपये. एकूण व्याज २५ हजारांच्या वर, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. वर जाणारे पैसे ३० हजारांच्या घरात पोचतात. आणि सगळे खर्च, एसआयपी, मुलीच्या फीची तरतूद करून तुमच्या हातात महिन्याला उरतात ७ हजार. हप्ता शिल्लकीपेक्षा शंभर रुपयांनी मोठा आहे. दोन वर्षं घरात एकही अनपेक्षित खर्च निघणार नाही, अशा भरवशावर हा हिशेब उभा आहे. दुकानदाराने ‘नो कॉस्ट ईएमआय’ही सुचवलाय. त्याला एवढंच विचारा, रोख दिले तर किती कमी कराल? तो जो आकडा सांगेल, ते त्या हप्त्यांचं व्याज समजा.

पण या दरपत्रकात मला सगळ्यात खटकली ती दुसरीच गोष्ट. त्यातलं ७८ हजारांचं टर्नटेबल ३३ आणि ४५ या दोनच वेगांवर चालतं. अण्णांच्या साठ तबकड्या ७८च्या आहेत, त्यांत बालगंधर्व आहेत, हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंत. दीड लाख मोजूनही त्या मुक्याच राहिल्या असत्या! दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, यंत्र उत्तमच असेल. पण तुमच्याकडे काय काय आहे, हे त्याने विचारलेलं दिसत नाही.

त्याच दरपत्रकात २४ हजारांची मूव्हिंग कॉइल जातीची कार्ट्रिज आहे. कार्ट्रिज म्हणजे सुई ज्यात बसते तो छोटा भाग. ती नाजूक आणि सुरेल असते, मान्य. पण तिची सुई घरच्या घरी बदलता येत नाही. झिजली की अख्खी कार्ट्रिज बदला नाहीतर कारागिराकडे पाठवा. तिचा आवाज इतका क्षीण असतो की त्यासाठी वेगळा फोनो ॲम्प्लिफायर लागतो, तो १८ हजारांचा. असा एक खर्च दुसऱ्याला ओढून आणतो. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजची सुई तुम्ही स्वतः बोटांनी काढून दुसरी बसवू शकता. संसारी माणसाने हीच घ्यावी.

भावाच्या सल्ल्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सात हजारांत काम होत असेल तर का नको, असं कुणालाही वाटेल. सूटकेसवाल्या बहुतेक प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असते. ती रेकॉर्डवर पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त भार टाकते आणि तो कमी करायची सोयच नसते. चांगल्या टर्नटेबलवर तोच भार दोन ग्रॅमच्या आसपास असतो. एलपीची खाच केसाहून बारीक असते. तिच्या भिंतींवर इतका भार घेऊन सुई पुन्हापुन्हा फिरली, की वरच्या पट्टीतले बारकावे आधी जातात आणि ते परत येत नाहीत. इथे मौल्यवान आहेत त्या रेकॉर्ड, यंत्र नव्हे. माळ्यावरच्या प्लेअरचंही तेच. ठेवायला ठेवा, पण दुरुस्तीवर पैसे घालू नका. त्या काळच्या क्रिस्टल कार्ट्रिज आपल्याकडच्या दमट हवेत मरतात, रबरी चाक कडक होतं, आणि दुरुस्त झाला तरी भार जडच राहतो.

मग घ्यायचं काय? ३३, ४५ आणि ७८ हे तिन्ही वेग असलेलं, सुईचा भार कमी-जास्त करता येणारं, आतच फोनो ॲम्प्लिफायर असलेलं आणि सुई सहज बदलता येणारं एक यंत्र. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी१२०एक्स या चारही अटी पुऱ्या करतं. त्याच्या यूएसबी आवृत्तीतून रेकॉर्ड थेट कॉम्प्युटरवर उतरवता येतात. तुम्हाला ते फार उपयोगी पडेल, कारण ७८ची तबकडी लाखेची, हातातून सुटली की तुकडे. एकदा नीट उतरवून घेतली की रोज काढायला नको. दुसऱ्या कंपनीचं अशाच गुणांचं मिळालं तरी चालेल. मर्यादा ४५ हजारांची ठेवा, भारतातल्या वॉरंटीसकट, बिलासकट. स्पीकर आता घेऊ नका. तुमच्या साउंडबारला ऑक्स, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायची खाच, आहे, त्यावर सुरुवात करा.

७८साठी मात्र वेगळी सुई लागेल, यात तडजोड नाही. त्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेच्या तिप्पट-चौपट रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी खरवडत जाते, खरखर ऐकू येते आणि सुईही फुकट जाते. वर सांगितलेल्या यंत्रावर येणाऱ्या व्हीएम९५ कार्ट्रिजला ७८ची सुई त्याच अंगावर बसते, फक्त भार पाच ग्रॅमच्या आसपास ठेवावा लागतो. लाखेच्या तबकडीला तो सोसतो. त्यासाठी सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा घेऊन ठेवा.

पैसे उभे करायला अवघड काही नाही. ७ हजारांतले ६ हजार सात महिने आवर्ती ठेवीत टाका, ४२ हजार आणि थोडं व्याज होईल. अण्णांनीही असंच केलं असावं. तुम्ही पाठवलेल्या पाच कव्हरांच्या फोटोंत मागे पेन्सिलीने तारखा आहेत आणि दर दोन तारखांमध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरांचा पगार आणि त्यातून एकेक करून जमवलेली भीमसेन, कुमार, किशोरीताईंची गाणी. तो फोटो मी बराच वेळ बघत होतो.

या सात महिन्यांत हात रिकामे राहणार नाहीत. सगळ्या रेकॉर्डची वही करा: गायक, कंपनी, क्रमांक, स्थिती. आडव्या रचलेल्या असतील तर आजच उभ्या करा, खालच्या वाकतात. भिंतीला ओल असेल त्या बाजूला ठेवू नका. एलपींना नवी आतली पाकिटं घाला, तेवढ्याला हजार-दोन हजार जातील. धुताना एक लक्षात ठेवा, एलपीला चालणारं अल्कोहोल ७८ला अजिबात लावायचं नाही, लाख त्यात विरघळते.

यंत्र आल्यावर बसवणं तुम्ही स्वतः करा, अर्ध्या तासाचं काम आहे. गॅरेजमधून पाणसळ आणायला सांगा आणि टेबल दोन्ही दिशांनी सपाट करा. साउंडबारच्या टीव्ही युनिटवर ठेवू नका, आवाजाचा हादरा सुईत शिरतो आणि घुमारा सुरू होतो. मग सुईचं टोपण काढा, अँटी-स्केटिंग (दांडी मध्याकडे ओढली जाऊ नये म्हणूनची सोय) शून्यावर ठेवा आणि सुईच्या दांडीचं मागचं वजन हळूहळू फिरवा, दांडी हवेत तराजूसारखी आडवी तरंगेपर्यंत. ती तरंगली की दांडीला हुकावर अडकवा, वजन न हलवता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा. आता वजन आणि चकती मिळून दोनवर, म्हणजे दोन ग्रॅमवर. अँटी-स्केटिंगही दोनवर. झालं. ही एक गोष्ट नीट नसेल तर लाखाचं यंत्रही रेकॉर्ड खराब करतं.

वाढवायचं असेल तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ७८ची सुई, मग स्पीकर, मग एलपीची चांगली सुई. सोबत येणारी लंबवर्तुळाकार टोकाची सुई साधारण ३०० तास टिकते. आठवड्याला चार एलपी म्हणजे तीन तास, म्हणजे सुमारे दोन वर्षं. तिच्या जागी मायक्रोलिनिअर, म्हणजे आणखी बारीक घडणीच्या, टोकाची घेतलीत तर ती १,००० तासांपर्यंत जाते. किंमत जास्त, पण तासाच्या हिशेबाने पाहा. यासाठी महिन्याला ३०० रुपये वेगळे टाकत राहा, म्हणजे झिजलेल्या सुईवर ‘चालतंय तोवर चालू दे’ ही वेळ येणार नाही. टर्नटेबल बदलायचा विचार चार-पाच वर्षं मनात आणू नका.

मिस्टरांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. घराची जोखीम त्यांना दिसते आहे. पण विकून फार हाती लागेल असं नाही. मोजक्या रेकॉर्डना भाव येतो, बाकीच्या ठोक भावात जातात आणि घेणारा त्या मोजक्यांसाठीच सगळा ढीग उचलतो. वही पूर्ण होईपर्यंत एकही विकू नका. दोन-दोन प्रती निघाल्या तर त्या विका, ७८ची सुई त्यातून येईल. आणि त्यांच्याशी हे बोलणं निघेल तेव्हा आणखी एक विचारा. त्यांची टर्म पॉलिसी आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर आवर्ती ठेवीच्याही आधी ती घ्या, उरलेल्या हजारात हप्ता बसत नसेल तर टर्नटेबल दोन महिने पुढे ढकला.

दुकानदाराला शनिवारी उत्तर द्यायचंय म्हणालात. त्याला सांगा, ७८चा वेग हवा, मूव्हिंग मॅग्नेट हवी, स्पीकर नकोत आणि पैसे सात महिन्यांनी रोख. नवं दरपत्रक दिलं तर मला पाठवा.